टर्की गप्प झाला म्हणून त्याच्या दिशेने रांगत जायचे नसते

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, वसंतात रानटर्की या मोठ्या जंगली पक्ष्याच्या शिकारीला गेल्यावर नर ओरडायचा थांबला की तो निघून गेला असे समजावे, कॉल (मादीच्या आवाजाची नक्कल करणारे साधन) जोरात व सतत वाजवावा, टर्कीच्या शेपटीचा पंखा पुढे धरून आवाजाच्या दिशेने रांगत जावे, आणि सकाळी दहानंतर नर अधिक सहज येतो. पेनसिल्व्हेनियात यंदा पहिल्यांदाच शिकारीचा परवाना काढलेल्या माझ्या भाच्याने ‘मामा, असेच करू ना?’ म्हणून तो मला पाठवला, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

पंख्याचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. झाडीत बसलेला दुसरा शिकारीही मादीचाच आवाज काढत असतो, त्यामुळे आपण ज्याच्याकडे रांगतो आहोत तो टर्कीच आहे याची खात्री नसते, आणि समोरच्या बंदूकधाऱ्याला झुडपातून सरकणारा पंखा तेवढा दिसतो. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचा, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्य संस्थेचा नियम स्पष्ट आहे: वसंत हंगामात टर्कीला कॉल करून आपल्याकडे बोलवायचे, त्याच्या किंवा त्याच्या आवाजाच्या मागावर जाणे बेकायदेशीर आहे. लाल, पांढरा आणि निळा हे नराच्या डोक्याचे रंग असल्यामुळे त्या रंगाचा रुमालही बाहेर काढू नये. दुसरा शिकारी दिसलाच, तर हात न हलवता मोठ्याने, माणसाच्या आवाजात हाक मारावी.

गप्प झालेला नर निघून गेला, हेही खोटे. सोबत माद्या असल्या की त्याला ओरडण्याची गरज नसते, आणि शिकाऱ्यांची वर्दळ वाढली की तो आवाज न करता चालत येतो. अशा वेळी कॉलचा गोंगाट उपयोगाचा नाही. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकवावी, एखादा हलका ‘क्लक’ (मादीचा छोटा, तुटक आवाज) काढावा, बोटांनी वाळक्या पाल्यात दोन-तीनदा खरवडून चरणाऱ्या मादीचा भास निर्माण करावा आणि मग बराच वेळ निश्चल बसावे. टर्कीची नजर बारीकशी हालचालही टिपते.

दहानंतरची गोष्ट मात्र बऱ्याच अंशी खरी आहे, हे मान्य करावे लागते. माद्या घरट्याकडे गेल्या की एकटा पडलेला नर हाकेला येण्याची शक्यता वाढते. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी १२ पर्यंतच शिकार करता येत असल्याने नऊलाच उठून जाणारा हीच वेळ गमावतो. भाच्याला एवढेच सांगितले आहे की, पहाटे आवाज आला त्याच परिसरात बसून राहायचे आणि छातीवरची दाढी, म्हणजे तिथे लोंबणारा केसांसारख्या पिसांचा झुपका, स्पष्ट दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचे नाही, कारण वसंतात दाढी असलेलाच पक्षी मारण्याची परवानगी आहे.