खुलासा : मड टायर आणि चोर्ल्याचा ओला घाट

‘पावसाळ्यात जीपला मड-टेरेन टायर घाला, चोर्ला घाटात गाडी घसरायचीच नाही’ असा मेसेज बेळगाव-खानापुरात फिरतोय. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या या डांबरी घाटापुरतं तरी हे चूक आहे. या टायरच्या नक्षीचे मोठे ठोकळे नि रुंद फटी चिखल उपसून टाकायला असतात. जांबोटीकडच्या रानवाटेवर त्यांचा खरा उपयोग. ओल्या डांबरावर मात्र रबर कमी टेकतं, ठोकळ्यांवर ओल्यात पकड देणाऱ्या बारीक चिराही मोजक्याच. ब्रेक दाबल्यावर गाडी सहसा जास्त लांब जाऊन थांबते. वर घोंघाट आणि डिझेलचा खर्च. रोज डांबर, कधीमधी शेत असेल तर ऑल-टेरेन (डांबर नि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर बरा. आणि काळ्या रानातली चिकट माती फटींत बसली, की मड टायरही गुळगुळीतच! हवा कमी करून चिखल ओलांडलात, तर डांबरावर येताच परत भरा.