दोन जिन्नस आणि वीस सेकंद

चिक्कीत दोनच जिन्नस असतात आणि सगळी गोची तिथेच आहे. बिर्याणी बिघडली तर खापर फोडायला पंधरा मसाले हजर असतात. चिक्की फसली की शेंगदाणा हात वर करतो आणि गूळ सरळ तुमच्याकडे बघतो.

तरी महिनाअखेरच्या रविवारी मला चिक्कीच सुचते. पाव किलो शेंगदाणे, दोनशे ग्रॅम गूळ, चमचाभर तूप, चिमूटभर खायचा सोडा. तूप आणि सोडा घरात असतातच, त्यामुळे वाण्याचं बिल साठ रुपयांच्या आसपास थांबतं आणि पंचवीस-तीस वड्या पदरात पडतात. लोणावळ्याला जाऊन चिक्की आणायची म्हटली तर नुसत्या टोलच्या पैशांत घरी दोन-तीन घाणे निघतील. शिवाय लोणावळ्याला भांडी घासावी लागत नाहीत, हे मी मुद्दामच हिशेबात धरत नाही.

गूळ मात्र ‘चिक्कीचा’ असंच म्हणून मागायचा. संक्रांतीच्या आगेमागे वाणी न मागता पुढे करतो, एरवी विचारावा लागतो. हा गूळ बोटाला चिकटतो आणि त्याचा पाक थंड झाल्यावर काचेसारखा तडकतो. पुरणाचा साधा गूळ स्वभावाने मऊ, त्याची चिक्की दाताला चिकटून बसते. आणि सेंद्रिय म्हणून कौतुकाने आणलेला काळपट गूळ चहात घाला, लाडवात घाला, पाहुण्यांना दाखवा; चिक्कीत नको. त्यात साखरेखेरीज बरंच काही असतं आणि ते पाक तयार व्हायच्या आधीच करपू लागतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कोल्हापुरी घेतानाही हा प्रश्न उरतोच: पुरणाचा की चिक्कीचा?

शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, दहा-बारा मिनिटं. हात थांबवायचा नाही. मोठ्या आचेवर चार मिनिटांत डाग पडतात आणि आपल्याला वाटतं भाजले. आत दाणा कच्चाच असतो आणि चिक्कीला ओल्या शेंगेची चव येते. एक दाणा फोडून बघावा, आतून फिकट बदामी हवा. गॅस बंद केल्यावर लगेच ताटात काढायचे, कारण तापलेल्या कढईत ते आपल्या परवानगीशिवाय भाजत राहतात.

मग सालं. या कामासाठी अजून कुणी सन्मानाने करता येईल अशी पद्धत शोधलेली नाही. दाणे पूर्ण गार होऊ द्यायचे, पंच्यात बांधून चोळायचे आणि सुपात घेऊन पाखडायचे. फ्लॅटमध्ये पाखडायला जागा म्हणजे बाल्कनी, आणि बाल्कनीच्या खाली कुणाचे तरी पांढरे कपडे वाळत असतात. सूप नसेल तर मोठ्या भोकांच्या चाळणीत घोळावं, सालं खाली पडतात. पंख्याखाली पाखडण्याचा विचार मनात आला तर आल्या पावली परत पाठवावा; सालं पुढच्या रविवारपर्यंत सोफ्यातून निघत राहतात.

सोललेले दाणे लाटण्याने हलकेच दाबले की दोन पाकळ्या होतात. पाकळीची सपाट बाजू पाकात छान बसते आणि वडी पातळ लाटता येते. मिक्सरला हात लावू नये. तो एका झटक्यात कूट करतो, दुसऱ्या झटक्यात तेल काढतो, आणि तेलकट कुटाला पाक नीट धरत नाही.

आता पूर्वतयारी, चिक्की जिंकायची किंवा हरायची ती इथेच. ओट्याचा हातभर तुकडा कोरडा पुसून तुपाचा हात फिरवलेला. लाटण्याला तूप. शंकरपाळ्यांचं कातण किंवा सुरी, तिलाही तूप. वाटीत गार पाणी. सोडा मोजून बशीत. दाणे कोमट केलेले, कारण थंडगार दाणे पडले की पाक दचकून जागच्या जागी गोठतो. फोन दुसऱ्या खोलीत. घरातल्यांना सांगून ठेवावं की पुढची दहा मिनिटं चष्मा, चार्जर आणि आयुष्याविषयीचे प्रश्न विचारू नयेत.

कढईत चमचाभर तूप, त्यात चिरलेला गूळ. चिरलेलाच, खडे टाकले तर अर्धे वितळून करपतात तेव्हा उरलेले अर्धे अजून खडेच असतात. गूळ फार कोरडा असेल तर एक मोठा चमचा पाणी, जास्त नाही. आच मध्यमाहून कमी. गूळ वितळतो, फेसाळतो, आणि मग काहीच होत नाही. हे ‘काहीच होत नाही’ फार फसवं असतं. पाकात पाणी आहे तोवर उष्णता ते उडवण्यात खर्ची पडते आणि तापमान रांगत रांगत वर जातं. पाणी संपत आलं की ते एकदम पळत सुटतं. म्हणजे चार-पाच मिनिटं कंटाळा आणि मग वीस सेकंदांत सगळा निकाल. दारावरची बेल कोणत्या वीस सेकंदांत वाजते, हे तुमच्या घरी वेगळं असेल असं मला वाटत नाही.

दर अर्ध्या मिनिटाने पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. आधी तो पसरतो. मग त्याची मऊ गोळी होते. हा गोळीबंद पाक, साधारण ११५ अंश सेल्सिअस, आणि त्यात अजून १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. इथे थांबलात तर मऊ वडी होईल, चिक्की नाही. पुढे गोळी टणक होते, पण चावली तर दाताला चिकटते. बहुतेक चिक्क्या इथे वारतात, कारण करणाऱ्याला वाटतं, ‘झालं असेल आता.’ झालेलं नसतं. थेंब बाहेर काढून वाकवल्यावर न वाकता ‘टक्’ करून तुटला पाहिजे आणि वाटीवर टाकला तर खडा पडल्यासारखा वाजला पाहिजे. साखरेच्या पाकात ही अवस्था साधारण १४६ ते १५४ अंशांवर येते आणि पाणी टक्काभरच उरतं. गूळ लवकर करपतो, त्यामुळे वरच्या टोकाची वाट बघू नये. रंग एक छटा गडद झाला आणि कडवट वास आला की समजावं, वीस सेकंद संपले. करपलेल्या पाकाला कुठलीही युक्ती चालत नाही. वेलदोडा घातला तर वेलदोड्याच्या वासाची करपलेली चिक्की होते.

‘टक्’ ऐकू आला की गॅस बंद, सोडा टाका. पाक फसफसून फिकट होतो. आत बारीक बुडबुडे अडकतात आणि चिक्की खुसखुशीत होते. चिमटीपेक्षा फार जास्त घातला तर साबणासारखी चव येते. लगेच दाणे, चार-पाच वेळा उलथनं, आणि सगळा गोळा ओट्यावर. बोट लावून बघायचं नाही. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. हा पाक कातडीला चिकटून बसतो. मुलांनाही या वेळी ओट्यापासून लांब पाठवावं, मग त्यांनी कितीही ‘मी लाटतो’ म्हटलं तरी.

लाटताना मधून बाहेर, जोर लावून, भरभर. गरम असतानाच कातणाने खोल रेघा मारायच्या. ‘जरा निवू दे, मग कापू’ म्हणणाऱ्यांच्या चिक्कीला वड्या नसतात, नकाशे असतात. तेही चवीला तसेच लागतात, पण कुणाच्या वाट्याला केवढा तुकडा आला यावरून घरात सीमाप्रश्न उभा राहतो.

चिक्की चिवट झाली तर तुकडे मंद आचेवर पुन्हा वितळवून पाक पुढे नेता येतो, एकदाच. दुसऱ्यांदा दाणे करपतात. भुगा झाला तर पाक कमी पडला असं समजावं आणि भुगा दह्यावर घालावा. घरच्यांना तो बेत आधीपासूनचाच होता असं सांगावं.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, आतल्या वाफेने वड्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. डबा घट्ट झाकणाचा हवा, थरांमध्ये बटर पेपर. गुळातली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही साखर हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात चिक्की बशीत उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत पाझरते. अर्थात आमच्याकडे या प्रश्नाचा सखोल अभ्यास झालेला नाही. डबा संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

उरली कढई. तळाला पाक दगडासारखा बसलेला असतो आणि घासणी त्याच्यावरून नुसती घसरते. सुरीने खरवडू नका. दोन वाट्या पाणी घालून कढई गॅसवर ठेवा. पाच मिनिटांत सगळा गूळ सुटतो. करपलेला नसेल तर हे पाणी ओतून द्यायचं नाही. रात्री आमटीला गूळ लागतोच. तळाशी दोन-चार शेंगदाणे सापडले तर ज्याच्या वाटीत येतील त्याने गप्प बसून खावेत.