बर्डीवर ये, म्हणजे नेमकं कुठं?

बर्डी म्हणजे नागपूरची सीताबर्डी, शहरातली गजबजलेली बाजारपेठ. "बर्डीवर ये" हा निरोप ऐकायला पुरेसा असतो, गाठायला नाही. बर्डीत व्हेरायटी चौक आहे, मुंजे चौक आहे, मोदी नंबर तीनची गल्ली आहे. वर मेट्रोचं स्टेशन, तिथंही ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइनचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना दोन माणसं शंभर पावलांच्या अंतरावर उभी राहून फोनवर भांडतात. "मी बर्डीवरच आहो ना बे!" "मंग मी काय वर्ध्यात आहो?" दोघंही खरं बोलत असतात, हीच पंचाईत.

रेल्वे स्टेशनचंही तेच. नुसतं "स्टेशनवर" म्हटलं तर न्यायला आलेला पश्चिमेच्या मुख्य दाराशी, पाहुणा बॅगा घेऊन पूर्वेला संत्रा मार्केटकडे आणि मधे सगळे फलाट. "वर्धा रोडला घर आहे" म्हणणाऱ्याला तर मी हात जोडतो. तो रोड वर्ध्यापर्यंत जातो, साधारण 75 किलोमीटर.

मात्र फार बारीक सांगणारेही घात करतात. "निळं गेट, समोर पांढरी गाडी, बाजूला कुत्रं झोपून रायते." गाडी आणि कुत्रं, दोघांचाही भरवसा नाही. आधी चौक सांगावा, मग कुठून येताना ते, मगच डावीकडे की उजवीकडे. शंकरनगरकडून येणाऱ्याचं डावं ते लॉ कॉलेजकडून येणाऱ्याचं उजवं. खूण जागची न हलणारी हवी: देऊळ, पाण्याची टाकी, शाळा. मजला शेवटी, पण विसरू नये; लिफ्ट बंद असली की त्याची किंमत कळते.

पोह्यांच्या ठेल्यावर "तर्री जरा कमी" म्हणू नका (तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो तिखट रस्सा). कमी म्हणजे ठेलेवाल्याच्या मापानं कमी, आणि त्याचं माप डोळ्यांतून पाणी काढतं. "तर्री वेगळ्या वाटीत द्या" म्हणा, विषय संपतो. "निघून राहिलो" यावरही विसंबू नये, तो माणूस बहुधा टॉवेल शोधत असतो. "गाडीला किक मारली का?" असं विचारावं.

काही वाक्यं मात्र मोघमच ठेवावीत. "या ना कधी जेवायले" हे त्यातलं पहिलं. त्याला "रविवारी साडेबाराला" जोडलं की लोक खरंच येतात, बाप्पा, आणि पोरंही आणतात.