फ्रेस्नोचं ऊन तासगावात आणून दाखवा, मग बोला

सकाळपासून एक व्हिडिओ आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या द्राक्षबागेत ओळींच्या मधे कागद अंथरलेत, त्यावर घड टाकलेत आणि आपल्याकडचाच एक गृहस्थ सांगतोय, "बघा, यांना शेड लागत नाही, घड बुडवायला सोडा-तेल लागत नाही. फुकटच्या उन्हात बेदाणा. आपला शेतकरी उगाच पैसे घालवतो." खाली टाळ्याच टाळ्या. आपलीच माणसं आपल्या बापजाद्यांना अडाणी ठरवायला लागली की डोकं फिरतं. म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबू दे.

आमच्या वस्तीवरच्या एका पोरानं गेल्या मार्चमध्ये असलंच काहीतरी बघून थोडा माल ताडपत्रीवर उघड्यावर टाकला होता. त्याचं काय झालं ते सांगतोच, पण आधी फ्रेस्नो बघा.

फ्रेस्नो ३६.७ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर. पश्चिमेला किनाऱ्याचे डोंगर, पूर्वेला सिएरा नेवाडा, मधे सपाट खोरं. वर्षाचा पाऊस २८० मिमीच्या आसपास आणि तो जवळपास सगळा नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. उन्हाळ्यात प्रशांत महासागरावर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो, किनाऱ्यालगतचं पाणी थंड, त्यामुळं पावसाचे ढग उभेच राहत नाहीत. जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. बागेला पाणी मिळतं ते बरंचसं सिएरावरच्या बर्फाचं. वेल थंडीत पानं गाळून झोपतो, मार्चमध्ये आपला आपण फुटतो आणि ऑगस्टअखेर माल तयार. माल पिकायचा काळ आणि कोरड्या आभाळाचा काळ तिथं एकच आहे. सगळा खेळ इथं आहे, आणि व्हिडिओत नेमकं हेच नाही.

शिवाय ते नुसता कागद टाकून मोकळे होत नाहीत. जमीन ग्रॅनाइटच्या गाळाची, वाळूमिश्रित. ओळीतलं अंतर साधारण १२ फूट. काढणीआधी ओळीमधली माती सारखी करून तिला दक्षिणेकडं उतार देतात, म्हणजे सप्टेंबरचं तिरपं ऊन कागदावर सरळ पडतं. दोन बाय तीन फुटांच्या कागदावर आठ-नऊ किलो घड, एकदा उलटायचे, वाळत आले की कागदाची गुंडाळी करून ठेवायची. दोन-तीन आठवडे लागतात. बेदाणा होतो तपकिरी-काळपट, आणि त्यांच्या बाजाराला तोच चालतो.

आता आपलं बघा. सांगली जिल्ह्यातलं तासगाव १७ अंशावर, साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस जून ते सप्टेंबर, वर ऑक्टोबरचा परतीचा. वेलाला झोप लागेल एवढी थंडीच नाही, म्हणून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास घडांसाठी फळछाटणी, आणि काडीवरचे डोळे (कळ्या) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. अमेरिकेत जे काम थंडी करते ते इथं माणसाला हातानं करावं लागतं. माल बेदाण्याला येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. दुपारी पारा ३६-३८, हवा कोरडी, हे खरंच आपलं भाग्य. पण हाच वळवाचा हंगाम. सकाळी स्वच्छ आभाळ, तीननंतर पूर्वेकडून ढग चढतात, आणि अर्ध्या तासात गारा.

त्या पोराचं तेच झालं. आधी दोन रात्री माल उघड्यावर, पहाटे ताडपत्रीखालच्या काळ्या रानातली ओल वर आलेली, घडांच्या खालच्या बाजूला मणी चिकट. मग मुंग्या, मग धूळ. तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव. ताडपत्री उचलून दुमडेपर्यंत मणी फुटले होते, आणि फुटलेला मणी रात्रीत आंबतो. बाजूच्या शेडमधला माल त्याच पावसात शाबूत राहिला. हे बघूनही कुणी शेडला उधळपट्टी म्हणत असेल तर त्यानं एकदा मार्चमध्ये इथं येऊन उभं राहावं.

शेड कशाला असते? उन्हासाठी नव्हेच, वाऱ्यासाठी. वर प्लॅस्टिक, बाजूला शेडनेट, आत जाळीचे दहा-बारा थर, दोन थरांत साधारण फूटभर अंतर. सावलीत, खालून-वरून वारा खेळत माल वाळतो, म्हणून त्याचा हिरवा-पिवळा रंग टिकतो. उघड्या उन्हात मण्यातलं विकर (एन्झाइम) साल काळवंडून टाकतं. सौद्यात काळ्या मालाला काय दर पडतो ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय आपल्या बागांच्या ओळी आठ-नऊ फुटांवर, वर वेलाला मंडप नाहीतर इंग्रजी वाय आकाराचा आधार, ओळीत खाली ऊन पोचतच नाही. कागद टाकणार कुठं?

आणि सोडा-तेल. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे, हेच डिपिंग. मण्यावर जो मेणाचा पांढरट थर असतो तो यात सुटतो, सालीला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पाणी भराभर बाहेर पडतं. महिनाभराचं काम बारा-पंधरा दिवसांत होतं. हा घाईचा उपाय आहे, कारण वळीव आपल्याला महिना देत नाही! तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाळीवरचा मणी हातात घेतला तर बोटांत मऊ दबतो, अंगावर सुरकुती धरायला लागलेली असते आणि रंग अजून हिरवट. न बुडवलेला मणी तेव्हाही टणटणीत असतो.

वाण म्हणाल तर तिकडंही थॉमसन हे बिनबियांचं द्राक्ष, इकडंही त्याच घराण्यातलं. तास-ए-गणेश तर आपल्या तासगावचीच निवड. वाण तोच, आभाळ वेगळं, म्हणून पद्धत वेगळी. 'सांगली बेदाणा' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालंय ते या पद्धतीच्या मालालाच.

मान्य, शेडचा खर्च छोट्या शेतकऱ्याला जड जातो, आणि रंगासाठी गंधकाची धुरी काहीजण गरजेपेक्षा जास्त देतात. ते थांबलंच पाहिजे.

पण फ्रेस्नोलाही स्वर्ग समजू नका. १९७८च्या सप्टेंबरात नॉर्मन वादळाचा पाऊस नेमका कागदांवरच्या मालावर पडला आणि तिथले बेदाणेवाले पार बुडाले. त्याआधी १९७६मध्येही तसंच. पाण्याचं तर विचारूच नका, त्याच खोऱ्यात मेंडोटाजवळ जमिनीखालच्या पाण्याच्या उपशामुळं जमीन १९२५ ते १९७७ या काळात नऊ मीटरच्या आसपास खचली. मला त्या शेतकऱ्यांबद्दल वाईट बोलायचं नाही. तेही आपल्यासारखेच आभाळाकडं बघून दिवस काढणारे. त्यांनी त्यांच्या आभाळावर उत्तर शोधलं, आपल्या लोकांनी आपल्या.

त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर वेलावरच बेदाणा वाळवायची पद्धत घ्या, असं आता कुणीतरी म्हणेल. त्यात ऑगस्टमध्ये काड्या कापून घड तारेवरच वाळू देतात, त्याला दीड-दोन महिने जातात. आपण मार्चमध्ये काड्या कापल्या तर माल मे महिन्यापर्यंत वेलावर लटकणार. खरड छाटणी कधी करणार? ती लांबली की पुढच्या वर्षीचे घड ज्या डोळ्यांत तयार होतात ते डोळे जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतात, ऊन मिळत नाही आणि घडांची संख्या घटते. एक वर्ष वाचवायला जाऊन दुसरं घालवायचं.

ज्यांचा माल आत्ता जाळीवर आहे त्यांना हात जोडून सांगतो, दोन दिवस ढगाळ दिसतंय. नवी काढणी आणि डिपिंग थांबवा, ढगाळ हवेत बुडवलेला माल काळवंडतोच. २२ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) खालचा माल तर आत्ता तोडूच नका, वजन मिळत नाही, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाण्याचं गणितही बसत नाही. ढग चढले की शेडचे वाऱ्याच्या बाजूचे पडदे सोडा, दोऱ्या आधीच तपासून ठेवा. पाऊस थांबला की तासाभरात पडदे वर, नाहीतर आतली वाफ कोंडून खालचे थर बुरशी धरतात. पडद्याची दोरी तुटलेली असेल तर आजच बदला. ज्यांच्याकडं माणसं कमी आहेत त्यांनी कळवा, आमच्या वस्तीवरची पोरं संध्याकाळी येतील.