"दारू-बिडीवाल्याला अपघात विभागात समजावणं फुकट": एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

गावच्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मतलब तोच: "अपघातात आलेल्या बेवड्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सुनवायचंच तर नशेत असतानाच, घरच्यांसमोर सुनवा. आधी दारू सोडवा, बिडी राहू द्या, दोन्ही एकदम सुटत नसतात. दारू सोडायची तर आजच्या आज, एका झटक्यात. तरी ऐकत नसेल तर जेवणातून पावडर द्या." वाक्यं पाच. पहिली तीन चुकीची आहेत, शेवटची दोन माणूस मारू शकतात.

"पालथ्या घड्यावर पाणी"

घडा पालथा की उताणा, ते मोजून ठरवायचं. स्वतःहून बिडी-सिगारेट सोडणारे वर्षभरात शंभरात दोन-तीन निघतात. डॉक्टरनं नुसता थोडक्यात सल्ला दिला तर त्यात आणखी एक ते तीन जणांची भर पडते. आकडा लहान आहे, मान्य. पण ग्रामीण रुग्णालयात वर्षाला हजार बिडीवाले आले आणि प्रत्येकाला दोन मिनिटं दिली, तर सगळे मिळून ३३ तास खर्च होतात आणि १० ते ३० माणसं जास्तीची सुटतात. एवढ्या स्वस्तात दुसरं कोणतं औषध मिळतं?

दारूचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेत सिॲटलच्या ट्रॉमा सेंटरमधला अभ्यास १९९९ साली छापून आला. एकदाच समजावलेल्या जखमींचं पिणं वर्षभरानं आठवड्याला सुमारे २२ पेगांनी घटलं होतं, न समजावलेल्यांचं सुमारे ७ पेगांनी. मात्र वर्षानंतर जेमतेम निम्मेच रुग्ण सापडले होते, आणि पुढच्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसलाही नाही. एकूण कल असा, की जास्त पितात पण अजून दारूवर टेकलेले नाहीत, त्यांना थोडक्यातल्या समुपदेशनाचा फायदा होतो. ज्याचा हात दारूवाचून सकाळी थरथरतो, त्याला दहा मिनिटांचं बोलणं पुरत नाही. त्याला उपचार लागतात. म्हणून आधी माणूस कुठल्या गटातला, ते ओळखायचं.

त्यासाठी तीन प्रश्न आहेत: वर्षभरात किती वेळा घेता, घेता त्या दिवशी किती घेता, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग किती वेळा होतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १२. पुरुषात ४ किंवा जास्त आणि बाईत ३ किंवा जास्त गुण आले तर धोका धरतात. बायकांना विचारायचंच राहून जातं, ते राहू देऊ नये.

घोळ होतो तो मापात. पेग म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ४२.८ टक्केवाल्या इंग्लिश दारूचे ३० मिली. मग १८० मिलीचा पव्वा म्हणजे सहा पेग. "जास्त नाई जी, एकच पव्वा" म्हणणारा तिसऱ्या प्रश्नात तिथल्या तिथे अडकतो, आणि विचारणारा मात्र फॉर्मवर "एक" लिहून मोकळा होतो. मोहाच्या दारूला तर मापच नाही. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिथे पेग मोजत बसू नये. ग्लास केवढा, किती जणांत, आठवड्यातून किती दिवस, आणि सकाळी उठल्याबरोबर लागते का, एवढं विचारावं.

बिडीसाठी एकच प्रश्न कामाचा: झोपेतून उठल्यावर पहिली बिडी किती वेळानं? अर्ध्या तासाच्या आत असेल तर व्यसन घट्ट आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, वेगळा विचारावा लागतो, कारण २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. "बिडी नाई ओढत" हे खरंच असतं, आणि शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असते.

वर्धा-गडचिरोलीत आणखी एक अडचण. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे रुग्णाला वाटतं खरं बोललो तर पोलीस. विचारण्याआधी सांगावं की भूल आणि औषधं ठरवायला हे लागतं. पण केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची, असेल तर "कुठंच लिहिणार नाही" असं आश्वासन देऊ नका. ते पाळता येत नाही, आणि खोटं निघालं की माणूस परत येत नाही.

"नशेत असतानाच सुनवा"

नशेत ऐकलेलं सकाळी आठवत नाही. लाज मात्र आठवते, आणि पुढच्या वेळी माणूस पिणं लपवतो. शिवाय वास आला म्हणजे निदान झालं असं नसतं. बरळणाऱ्याची आधी बोट टोचून शुगर बघा, डोक्याला मार आहे का बघा. फवारणीच्या दिवसांत विषबाधा डोक्यात ठेवा.

बोलायची वेळ टाके-ड्रेसिंग झाल्यावरची. नाव, गाव, काय झालं हे नीट सांगतो का? आपण म्हटलेलं एक वाक्य त्याच्या शब्दांत परत सांगतो का? जमलं तर सुरू करा. सोबतच्या जावयाला किंवा मेव्हण्याला चहा आणायला पाठवा. बोलणं साधारण असं चालतं:

"काकाजी, पाच मिनिटं दारू-बिडीचं बोललो तर चालते का?"

"बोला जी."

"घेतल्यानं बरं काय वाटते?"

"आंग मोकळं होते. दिवसभर वखर हाकून पाठ राह्यते का?"

"अन् त्रास काय होते?"

"हे पाहा ना, गाडी घसरली. पैसा बी जाते."

"कमी करावं असं रुपयात किती आणे वाटते?"

"असंन सहा आणे."

"सहा म्हनता. दोनच आणे काहून नाई म्हटलं?"

"पोरीचं लगन हाय जी मे महिन्यात. असा हात मोडून कसं चालते."

शेवटचा प्रश्न उलटा विचारला, "सोळा आणे का नाही?", तर माणूस न सोडण्याची कारणं मोजायला लागतो. समुपदेशनाच्या मूळ पद्धतीत आण्यांऐवजी १ ते १० ची मोजपट्टी असते. वयस्कर माणसाला आणे (रुपयाचे सोळा) लवकर कळतात. कारण त्याच्याच तोंडून आलं की आपण थांबायचं, तेच त्याला परत ऐकवायचं, आणि एकच ठरवायचं. उदाहरणार्थ, घेतली त्या दिवशी गाडीला हात नाही, आणि सकाळची पहिली बिडी चहानंतर तासाभरानं. ते कागदावर लिहायचं. भाषण इथेच संपलं पाहिजे, आणि बहुतेक जण नेमकं इथेच सुरू करतात.

"आधी दारू, बिडी नंतर"

हा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. २००४ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं, तर व्यसनमुक्तीच्या उपचारासोबत तंबाखू सोडण्याचीही मदत मिळालेले लोक दारू आणि इतर नशेपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्के जास्त निघाली. पाहिलं तर त्यात नवल नाही. घोट आणि झुरका एकाच ओट्यावर, त्याच मित्रांसोबत चालतो. एक हातात आला की दुसरा आठवतो. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात तर दोन्हींचा धोका नुसता बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. सुरुवात कशानं करायची ते रुग्णानं ठरवावं. विचारायचं मात्र दोन्ही.

भरती केलेला बिडीवाला रात्री उठून फाटकाकडे पळतो तेव्हा निकोटीनची तलफ असू शकते, दारू तुटल्याचा, म्हणजे अचानक बंद झाल्याचा, त्रासही असू शकतो. निकोटीन गम दिली तर निम्मा गोंधळ कमी होतो. पहिली बिडी अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिग्रॅ, नाहीतर २ मिग्रॅ. ती खर्ऱ्यासारखी चघळत राहायची नाही: झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायची, त्या गेल्या की परत दोन-चार वेळा चावायची, अर्धा तास असं. चहानंतर पंधरा मिनिटं घ्यायची नाही. भराभर चावून गिळलेल्या लाळेनं मळमळ आणि उचक्या लागतात, आणि "हे औषध चालत नाही" म्हणून फेकून देतात. खर्ऱ्यानं ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याला गमऐवजी अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी. बुप्रोपिऑन ही तंबाखू सोडवायची गोळी मात्र दारू नुकतीच तुटलेल्याला नको, फिटचा झटका येऊ शकतो. आणि दम्यासाठी डेरिफायलिन चालू असेल तर बिडी सुटल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मळमळ, धडधड झाली तर डोस बघावा लागतो.

"आजच्या आज, एका झटक्यात"

बिडी एका झटक्यात सोडा, चिडचिड होईल, जीव जात नाही. रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात तुटली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, ओकारी. ६ ते ४८ तासांत झटके. दोन-तीन दिवसांनी भ्रम: भिंतीवर किडे दिसतात, माणूस कोणालाच ओळखत नाही, ताप चढतो. घरचे याला बाहेरचं लागलं म्हणून देवऋषीकडे नेतात. पाय मोडून भरती झालेल्याला हे तिसऱ्या दिवशी वॉर्डात होतं, कारण भरती झाली त्याच दिवशी त्याची दारू बंद झालेली असते आणि केसपेपरवर ती लिहिलेलीच नसते.

म्हणून रोज घेणारा, सकाळी घेणारा, पूर्वी झटका आलेला, या तिघांना "आजपासून बंद" सांगू नका. भरती करा किंवा पुढे पाठवा. दारू तुटल्याचा त्रास आवरायला डायझेपाम की लोराझेपाम, ते डॉक्टर यकृत बघून ठरवतील. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), निदान १०० मिग्रॅ शिरेतून, नाहीतर उपाशी दारुड्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शुगर खूप कमी असेल तर ग्लुकोज मात्र थांबवायचं नाही, दोन्ही सोबत द्यायचं. खाट नसेल आणि घरी पाठवावंच लागलं, तर सांगा: एकदम तोडू नका, नेहमीपेक्षा जास्तही नको, उद्या सकाळी कोणाला तरी सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात या. दवाखान्यातून असं ऐकायला विचित्र वाटतं, घरच्यांना तर फारच. त्यांना कारण समजावून सांगा.

"जेवणातून पावडर द्या"

देऊ नका. पाकिटावर आयुर्वेदिक लिहिलेलं असो की काही नसो, आत काय आहे हे देणाऱ्या बायकोलाही माहीत नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर वरून दारू पडल्यावर चेहरा लाल, ओकाऱ्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर मृत्यू. औषध म्हणून ते चांगलं आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, शेवटच्या दारूला किमान १२ तास झाल्यावर. बंद केल्यावरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. घरच्यांना हात बांधून बसवत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. दोन्ही फुकट.

मेसेजमध्ये एक गोष्ट कोणीच लिहीत नाही: दुसरी भेट. ती वेगळी बोलवावी लागत नाही, टाके काढायला माणूस येतोच. चेहऱ्याचे पाच दिवसांनी, डोक्याचे सात ते दहा, हातापायाचे दहा ते चौदा. पहिल्या दिवशी ठरलेलं केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असेल, तर ड्रेसिंगवाली सिस्टर पट्टी सोडता सोडता विचारू शकते, "काकाजी, सकाळची बिडी कितीला पेटवली आज?"