अंगत-पंगतीतलं चीज

मागच्या रविवारी गच्चीवर काय झालं ते अर्ध्या बिल्डिंगला माहितीये आणि उरलेल्या अर्ध्या बिल्डिंगला चुकीचं माहितीये, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या इंदूरच्या बिल्डिंगमध्ये महिन्यातून एकदा अंगत-पंगत असते. शब्द आम्हा मराठी घरांचा, पण आता सगळेच वापरतात, दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी आंटी 'अंगद-पंगद' म्हणतात, चालतं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. दोन घरं जैन आहेत आणि चातुर्मास चालू आहे, त्यामुळे सध्या साडेपाचलाच बसतो, सूर्य मावळायच्या आत त्यांचं आटोपायला हवं.

तर माझा भाचा इटलीहून आला आणि त्याने माझ्यासाठी पार्मिजानो रेज्जानो नावाच्या चीजचा तुकडा आणला. मावशी, हे अडीच वर्षं मुरवलेलं आहे म्हणे. मी म्हटलं, आमचं लिंबाचं लोणचं तुझ्यापेक्षा मोठं आहे, त्याचं काय कौतुक. पण वास असा होता की राहवेना, म्हणून ठरवलं की या वेळी बेक्ड व्हेज न्यायचं. फरसबी, मटार, मका, सिमला मिरची. गाजर नाही, बटाटा नाही, कांदा-लसूण नाही, सगळं जैन घरांच्या हिशोबाने, आणि मी स्वतःवर इतकी खूश की विचारू नका. वरून हे इटालियन चीज भरपूर किसलं, सोनेरी होईपर्यंत बेक केलं, आणि ट्रे घेऊन गच्चीवर.

समोरच्या भाभींनी ताट हातात घेऊन विचारलं, "भाभीजी, चीज कौनसा है? रेनेट वाला तो नहीं?" आणि मी हसले. हेच मला आठवडाभर खुपतंय, मी हसले. "अरे, दूध का ही तो है," असं म्हणून मोकळी झाले. त्यांची दहावीतली मुलगी मात्र चिवट, म्हणाली, आंटी रॅपर है क्या? मग आले खाली. इंदूरमध्ये राहायचा फायदा बघा, ओला कचरा वेगळा सुका कचरा वेगळा, त्यामुळे रॅपर सुक्याच्या डब्यात स्वच्छ सापडलं. त्यावर तीनच शब्द. लात्ते, साले, कालियो. दूध, मीठ, आणि तिसरा शब्द फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरला तर उत्तर आलं, रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं (ते पुढे सांगते).

परत वर जाताना तीन जिने मला तीस वाटले. खोटं कशाला सांगू, पहिल्या जिन्यावर मनात आलं होतं की गप्प बसावं, कुणाला कळणारे. वर पोचले तोवर भाभींच्या सासूबाईंनी दोन चमचे खाल्लेले. मी तिथेच उभ्या उभ्या सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बता दिया, अच्छा किया." नंतर त्या संध्याकाळभर त्या काही जेवल्या नाहीत. रागावल्या नाहीत, उठून गेल्या नाहीत, सगळ्यांबरोबर बसून राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर मी 'नॉनव्हेज वाढलं' अशी जी बातमी फिरून राहिली आहे ती एवढी आहे.

आता ज्यांना हे रेनेट प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी, मलाही रविवारपर्यंत नीट माहीत नव्हतं. चीज करताना दूध घट्ट बसवायला एक एन्झाइम लागतं. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात ते असतं, त्याला आईचं दूध पचवायला. पूर्वीपासून युरोपात ते वासराला मारल्यावर त्या जठरातूनच काढतात. म्हणजे दुधात दूध नसलेलं काहीतरी पडतं, चिमूटभर का होईना. आणि खरं पार्मिजानो रेज्जानो म्हणून विकायचं तर वासराचंच रेनेट वापरायचं असा तिथला नियम आहे, त्यामुळे त्या नावात शाकाहारी प्रकार शोधूच नका. ग्राना पादानो या दुसऱ्या इटालियन चीजचं पण तेच, आणि त्यात बऱ्याचदा अंड्यातून काढलेलं लायसोझाइम असतं, म्हणजे अंडं न खाणाऱ्यांची दुहेरी पंचाईत.

पण म्हणून चीजच बंद करायची काही गरज नाही, कारण दुसरे रस्ते आहेत. बुरशीपासून बनवलेलं मायक्रोबियल रेनेट असतं. शिवाय वासराचा जीन सूक्ष्मजीवात घालून तेच एन्झाइम टाकीत तयार करतात, १९९० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि आता जगातलं बरंचसं चीज त्यावरच होतं. पोर्तुगालमध्ये तर एका काटेरी झाडाच्या फुलाने दूध लावतात. आणि आपलं पनीर, त्यात रेनेटचा संबंधच नाही, लिंबू नाहीतर व्हिनेगर. आपण लहानपणापासून खातो ते अमूल मायक्रोबियल रेनेटवर बनतं. भारतात विकायच्या पाकिटावर, शाकाहारी असेल तर, हिरवा ठिपका असतो, बाहेरून मागवलेल्या शाकाहारी पाकिटावरसुद्धा तो लावावाच लागतो. पण भाच्याच्या सूटकेसमधून आलेल्या चीजवर कुठला ठिपका असायला! घोटाळा तिथे आहे. परदेशातून येणाऱ्या पोरांना चॉकलेट आणा म्हणून सांगा.

आता ग्रुपवर जे चाललंय त्याबद्दल. एकाने लिहिलं, इतना कौन देखता है. एक मैत्रीण म्हणाली, अगं मग दूध तरी कुठे अहिंसक आहे, दही-तूप पण सोडा म्हणावं त्यांना. दुधाचा मुद्दा मला पटतो, कधीतरी त्यावर भांडू. पण तो वाद त्या बाईच्या ताटात घालायचा नसतो. मी स्वतः अंडं खाते, बाहेर गेले तर बिर्याणीही खाते, मला सोवळ्याचं काही पडलेलं नाही. प्रश्न माझ्या खाण्याचा नाहीच आहे. हॉटेलात माणूस मेनू वाचतो, वेटरला विचारतो. शेजाऱ्याने वाढलेलं मात्र कोणी तपासून खात नाही, वाढणाऱ्याच्या भरवशावर खातं. आणि त्यातूनही एखादीने धीर करून विचारलं तर आपण हसतो! 'फार नखरे बाई यांचे'. माझ्या सासूबाई संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीतलं मीठ सुद्धा सैंधव आहे ना विचारायच्या आणि कोणाची हसायची हिंमत नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. चार घरांत वाटायचं असेल तर चीज कुठलं ते आधी आपण वाचायचं, आणि ट्रेजवळ चिठ्ठी ठेवायची. चीजचं नाव, अंडं आहे की नाही, कांदा-लसूण आहे की नाही. दोन मिनिटं लागतात.

दुसरं, वाटायच्या डिशला भारी चीज लागतच नाही, उलट बिघडते. महागडं चीज गॅसवर चढवलं की पुष्कळदा तेल एकीकडे आणि रबर एकीकडे. आपल्या प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात म्हणून ते गुपचूप वितळतं आणि फाटत नाही. गच्चीवर नेईपर्यंत अर्धा तास जाणार, सगळे येईपर्यंत अजून अर्धा, तिथे नुसतं मोझरेला टाकलेलं असेल तर त्याची चामड्याची चप्पल होते. पार्टीतलं चीजची लांब तार ओढून दाखवायचे व्हिडिओ ओव्हनसमोर उभं राहून काढलेले असतात हो!

म्हणून पुढच्या वेळी मी भुट्ट्याच्या कीसाचं बेक करून राहिले आहे. सराफ्यातला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातला, कीस आपण सगळेच खातो, त्यालाच थोडं पुढे नेते. आठ कोवळे भुट्टे किसायचे, तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस टाकून मंद आचेवर परतायचं, कच्चा वास जाईपर्यंत, इथे घाई केली की सगळं पिठूळ लागतं. मग अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत शिजवायचं. मैदा-बियदा काही नको, भुट्ट्यातल्या स्टार्चनेच ते दाट होतं आणि चीजला धरून ठेवतं. आता महत्त्वाचं, गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मग किसलेलं चीज घालायचं, सहा क्यूब म्हणजे १५० ग्रॅम, उकळत्यात कधी घालू नका. मीठ त्यानंतर, चीजमध्ये असतंच. वरून अजून दोन क्यूब किसून ओव्हनमध्ये रंग येईपर्यंत. लिंबू मात्र आत नाही, नेहमीच्या कीसात पिळतो तसं पिळलंत तर दूध-चीज दोन्ही दाणेदार होतील, फोडी वेगळ्या ठेवा, ज्याला हवं तो पिळेल. हे थंड झालं तरी वडीसारखं कापून खाता येतं, म्हणूनच निवडलं.

बेकमध्ये अननस घालणाऱ्यांसाठी जाता जाता, ताजा कच्चा अननस पांढऱ्या सॉसमध्ये घालू नका, त्यातलं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं आणि कडू होतं. आधी पाकात उकळून घ्या किंवा डब्यातला वापरा. आमच्याकडे एका बारशाला हे झालेलं आहे आणि कोणी केलं होतं ते मी सांगणार नाही (ह्यांनी).

गुरुवारी मी समोर जाऊन भाभींच्या सासूबाईंना सगळा मेनू सांगून आले, चीजचा डबाही दाखवला. त्यांनी चष्मा लावून हिरवा ठिपका बघितला, मग मागची बारीक अक्षरं सुनेकडून वाचून घेतली, मग विचारलं भुट्टा बाजारसे आया तो कीडा देखके लिया ना? म्हटलं हो, एकेक सोलून बघते. "तो साडेपाच बजे," म्हणाल्या.

आणि एक काम होतं. माझा काचेचा चौकोनी ट्रे रविवारपासून कोणाकडे तरी राहिलाय. तळाला पांढऱ्या टेपवर माझं आडनाव आहे, झाकण माझ्याकडेच आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शनिवारपर्यंत द्या, नाहीतर कीस कढईतच घेऊन येईन.