बसून मेलेला वायपर

कोकणातला वायपर काम करून मरतो, आमचा परभणीचा बसून मरतो. मृगाच्या चार सरी, मग श्रावणापर्यंत आभाळाकडे बघणं, आणि सोयाबीन काढणीला आलं की परतीच्या पावसाचा धिंगाणा. उरलेलं वर्षभर वायपर काचेला गाल लावून पडलेला असतो. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, काच तव्यासारखी तापते आणि तिला टेकलेलं रबर जसं वाकलेलं असेल तसंच कडक होतं. खरं तर रबराच्या धारेनं जाताना एका अंगावर कलायचं असतं आणि येताना पलटी मारून दुसऱ्या. हे उन्हात शिजलेलं रबर पलटी मारत नाही, आमच्या गल्लीतल्या कार्यकर्त्यांपेक्षा निष्ठावान असतं. मग ते सरकण्याऐवजी काचेवर उड्या मारतं. टर्र, टर्र, टर्र.

जिंतूर रोडला लग्नाला निघालो होतो. शेजारी बायको, मागे मामा. वळवाचा पाऊस आला. वायपर चालू केला तर त्यानं महिनाभराची काळी धूळ आणि पहिलं पाणी एकत्र कालवून काचेवर छानपैकी सारवण घातलं. काच जिथं स्वच्छ पुसली गेली तिथून बाभळी दिसत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बरोबर बोटभर रुंदीचा गढूळ पट्टा, आणि त्या पट्ट्यात उसाचा ट्रॅक्टर.

"जरा वाकून बघ की," मामा म्हणाले. मी वाकलो. मग बायको वाकली. मामाही वाकले. समोरून येणाऱ्याला वाटलं असेल, गाडीत सामुदायिक नमस्कार चाललाय.

शेवटी मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. भर पावसात उतरले, चंची सोडली आणि मूठभर तंबाखू ओल्या काचेवर खसाखसा चोळली. आणि काय सांगू, थेंब थेंब थबकणारं पाणी सरळ पातळ पापुद्रा होऊन वाहायला लागलं. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय. कुणी कापलेला बटाटाही चोळतात. अडचण एवढीच, की लग्नात जेवणं झाल्यावर मामांचा हात चंचीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. त्यानंतर ते माझ्याशी बोलले ते थेट परभणी आल्यावर.

दुसऱ्या दिवशी स्टेशन रोडला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. बायको सोबत, कारण "तुम्हाला काहीही गळ्यात मारतात."

"कोणती गाडी?" सांगितली.

"कोणत्या सालची?" तेही सांगितलं.

"टॉप मॉडेल का?"

इथं बायकोनं माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न आमच्या घरात गाडी घेतल्यापासून मिटलेला नाही.

माझ्या गाडीला ड्रायव्हरकडे २४ इंची ब्लेड लागतं आणि शेजारी १६. दुकानात होती २२ आणि १८. दुकानदार अजिबात डगमगला नाही. "दोन इंच इकडं कमी, दोन इंच तिकडं जास्त. बेरीज तर तेवढीच येऊ लाली की!"

गणित बिनचूक होतं. फक्त ते काचेला लागू नव्हतं. ड्रायव्हरचं ब्लेड आखूड झालं तर वरचा कोपरा कोरडा राहतो, आणि शेजारचं लांब झालं तर मधोमध दोघांची गळाभेट होते.

मेरी अँडरसन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०३ मध्ये वायपरचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कच्या थंडीत ट्रामवाला काच उघडी टाकून, बर्फाळ पाऊस तोंडावर घेत गाडी हाकताना त्यांनी पाहिला होता. त्यांचा वायपर आतून दांडा धरून हातानं फिरवायचा. कॅनडातल्या एका कंपनीनं, याला बाजारात किंमत नाही म्हणून बाईंना परत पाठवलं. त्या कंपनीची शाखा परभणीत असावी असं मला आता वाटतं, कारण दुकानदारही म्हणाला, "साहेब, वायपर परभणीत कोण विकत घेतंय? धूळ खात पडतेत."

अखेर नांदेडहून मागवली. फ्रेमलेस घेतली. जुन्या लोखंडी सांगाड्याच्या सांध्यासांध्यांत आमच्याकडची धूळ घट्ट बसते आणि रबरावर सगळीकडे सारखा दाब येत नाही. फ्रेमलेसमध्ये आत स्टीलची वाकवलेली पट्टी असते, ती रबराला काचेवर सारखी दाबून धरते. सिलिकॉनची उन्हाला जास्त टिकतात म्हणे. पण त्यांची किंमत ऐकून बायको दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

बसवणं दोन मिनिटांचं काम. हुकातली खिट्टी दाबायची, ब्लेड दांडीला धरून खाली सरकवायचं, नवं वर ओढायचं, कट्ट आवाज आला की झालं. पण दुकानातल्या पोरानं जुनं ब्लेड काढलं, दांडी तशीच उभी ठेवली आणि नवं आणायला आत गेला. माझा जीव वर. त्या दांडीला जबरी स्प्रिंग असते. वाऱ्यानं जरी मिटली तरी उघडं लोखंड काचेवर आपटून तडा जातो, आणि मग वायपर पुसणार काय? लग्नात आहेर म्हणून मिळालेला टॉवेल डिकीतच होता, तो काचेवर अंथरला. टोपी मी घातली. ऊन फार होतं.

आता मी वायपरची सेवा करतो. रोज सकाळी ओल्या फडक्यानं रबराची धार पुसायची, काळं निघेपर्यंत. कोरड्या धुळीवर वायपर फिरवायचा नाही, आधी पाण्याचा फवारा. पण टाकीत बोअरचं पाणी, म्हणून फवाऱ्याच्या भोकांत पांढरा क्षार. तो टाचणीनं काढायचा. शेजारचे काका म्हणतात, उन्हात दांड्या उभ्या करून ठेवा. ठेवल्या. गल्लीतल्या पोरांनी एकीला पतंग बांधला.

राहिला मागचा वायपर. तोही वाळून खडखडीत झालाय. मी दुकानदाराला विचारलं तर त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मागचा कोणी बदलत नसतंय, साहेब. मागून येणाऱ्याला असतो की वायपर, तो बघंल."